विवाहनोंद आणि वंशशोध : स्पॅनिश अमलातील मेक्सिकोची चर्च-दप्तरे

जन्माच्या नोंदीतून व्यक्ती कळते. विवाहाच्या नोंदीतून दोन कुळे कळतात. न्यू स्पेन, म्हणजे प्रामुख्याने आजचा मेक्सिको, येथील वंशेतिहासाच्या संदर्भात या विधानाला विशेष महत्त्व आहे. तेथे १८५९ च्या सुधारणा-कायद्यांनी नागरी नोंदणी चर्चपासून वेगळी केली. त्यापूर्वीच्या सामान्य स्त्रीपुरुषांचा माग मुख्यतः चर्चच्या दप्तरांतच काढावा लागतो. ही दप्तरे विवाहाची वैधता पडताळण्यासाठी लिहिली गेली. त्यामुळे त्यांतील प्रत्येक तपशील हे कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर आहे, हे ध्यानात घेणे अगत्याचे ठरते.

१५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहासाठी तीन वेळा जाहीर पुकारा, धर्मगुरूची व किमान दोन साक्षीदारांची उपस्थिती आणि नोंदवही या गोष्टी आवश्यक ठरविल्या. नोंदवहीतील मजकूर बहुधा चारसहा ओळींचा असतो. त्यात वधूवरांची व साक्षीदारांची नावे आणि अनेकदा मातापित्यांची नावे व मूळ गाव येते. ‘इहो लेहितिमो’ म्हणजे विवाहसंबंधातून जन्मलेला पुत्र; ‘पाद्रेस नो कोनोसिदोस’ म्हणजे मातापिता अज्ञात.

याहून समृद्ध साधन म्हणजे विवाहपूर्व चौकशीचे कागद, ‘इन्फोर्मासिओन मात्रिमोनियाल’. वर परगावचा असल्यास त्याला पूर्वीपासून ओळखणारे साक्षीदार तो अविवाहित असल्याचे शपथेवर सांगत. विधवा किंवा विधुर असल्यास आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूची खात्री करून घेतली जाई. स्थलांतराचा मार्ग अशा साक्षींतूनच उलगडतो. वधूवर नात्यातील असल्यास चर्चकडून सूट घ्यावी लागे. निषेध चौथ्या पायरीपर्यंत, म्हणजे समान खापरपणजोबांपर्यंत, पोचत असल्याने अशा अर्जात कधी कधी वंशवृक्षच रेखाटलेला सापडतो.

तथापि, या साधनाचे मौनही वाचावे लागते. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मूलनिवासींना तिसऱ्या पायरीपासून पुढच्या नात्यात विवाहाची मुभा दिली होती. त्यामुळे जे नाते स्पॅनिश कुटुंबाच्या बाबतीत सविस्तर कागद मागे ठेवी, तेच मूलनिवासी कुटुंबाच्या बाबतीत काहीही न लिहिता मान्य होई. अर्ज नाही म्हणून नाते नाही, असा निष्कर्ष येथे चुकीचा ठरेल. गुलामांच्या नोंदीत मातापित्यांऐवजी पुष्कळदा मालकाचे नाव येते. तेथे पुढचा शोध मालकाच्या मृत्युपत्रांत व खरेदीखतांत घ्यावा लागतो.

वर्णदर्शक शब्दांबाबतही सावधगिरी हवी. अनेक धर्मग्रामांत स्पॅनिश, मिश्रवर्णीय व मूलनिवासी यांच्या वह्या वेगळ्या होत्या. परंतु वर्ण लिहिणारा धर्मगुरू असे आणि एकच व्यक्ती दोन नोंदींत दोन वर्णांची दिसू शकते. म्हणून एका वहीत नाव न मिळाल्यास दुसरी पाहावी. ‘चीनो’ हा शब्द केवळ चिनी माणसाचा वाचक नव्हता. मनिलाहून अकापुल्कोला येणाऱ्या जहाजांतून आणलेल्या आशियाई गुलामांना सरसकट हे नाव मिळे व त्यांत भारतीयही होते. १६८८ मध्ये पुएब्ला येथे निधन पावलेली कातारिना दे सान हुआन ही भारतात जन्मल्याचे तिचे चरित्रकार सांगतात. तीही ‘चीना’ म्हणूनच ओळखली गेली. १८२२ मध्ये मेक्सिकोने नोंदींतील वर्णनिर्देश बंद केला. त्यानंतर या शब्दांचा आधार नाहीसा होतो आणि मातापित्यांची व गावांची नावेच कुळाचा दुवा ठरतात.

सारांश, निश्चित ठाऊक असलेल्या अलीकडच्या विवाहापासून एकेक पिढी मागे जाणे आणि प्रत्येक नोंदीशी चौकशीचे कागद ताडून पाहणे, ही या शोधाची विश्वसनीय रीत होय. ज्यांनी स्वतः एक अक्षरही लिहून ठेवले नाही, त्यांचे शब्द कारकुनाच्या साचेबंद भाषेतून का होईना, अशा साक्षींतच उरले आहेत.