नाल्याला वाली नाही

२६ जुलै २००५ च्या महापुराला २०२५ मध्ये वीस वर्षे झाली. वर्तमानपत्रांनी मुंबईची छायाचित्रे पुन्हा छापली, सांताक्रूझच्या ९४४ मिलिमीटरची उजळणी केली आणि मिठी नदीच्या नावाने गळे काढले. उल्हास आणि वालधुनीने कल्याण, उल्हासनगर, बदलापूरची त्याच दिवशी काय दैना केली, ते आतल्या पानावर दोन ओळींत उरकले. त्याची आपल्याला सवय आहे. खुपले ते वेगळेच. याच सुमारास मालमत्ता कराचे बिल हातात पडले. सर्वसाधारण कर, जललाभ कर, मलप्रवाहाचा कर, पथकर, वृक्षकर, शिवाय राज्य सरकारचे शिक्षण आणि रोजगार हमीचे कर. झाडाला ओळ आहे, रस्त्याला आहे, संडासाच्या पाण्यालाही आहे. दर पावसाळ्यात ज्या पाण्यात गाव बुडते, त्याच्या नावाने काहीच नाही.

ही ओळ का आली नाही, हे कळायला मागे जावे लागते. पालिकांची सुरुवातीची वर्षे भराभर उलटली तरी चालतील. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची. कल्याणात पहिली निवडणूक व्हायला १९९५ उजाडले. अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण पालिकेत आले, १९९२ ला बाहेर गेले. हद्दीवरची सत्तावीस गावे २००२ ला वगळली, २०१५ ला पुन्हा घेतली. सगळी अक्कल हद्दीच्या रेषा खोडण्यात आणि ओढण्यात खर्ची पडली. संसार जकातीवर चालत होता, म्हणून घरपट्टीकडे कुणी फारसे पाहत नव्हते. पाण्याचेही तसेच. डोंबिवलीभोवती भातखाचरे होती, खाडीकाठी खाजणे आणि कांदळवन होते, ठाण्यात तळी होती. पावसाचे पाणी तिथे जिरे, थांबे आणि मग सावकाश खाडीला मिळे. या कामाचे कुणी कधी बिल लावले नाही, म्हणून त्या जमिनींवर इमारती उभ्या राहताना काय गमावले याचा हिशेबही कुणी मांडला नाही.

खरी गोष्ट २००५ ते २०१५ या दहा वर्षांची. आम्ही ती जवळून पाहिली आणि तिचा राग अजून गेलेला नाही. पूर ओसरला, मुंबईसाठी माधव चितळे समिती बसली आणि डिसेंबरात केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना आली. मुंबई महानगरातल्या पालिकांसाठी हिशेब सरळ होता: केंद्राचे ३५ टक्के, राज्याचे १५, उरलेले ५० पालिकेने घालायचे. त्याबरोबर अटीही होत्या. मालमत्ता कराची वसुली ८५ टक्क्यांवर न्यायची आणि सेवांच्या देखभालीचा खर्च सात वर्षांत वापरणाऱ्यांकडून वसूल करायचा. पैसा घ्या, पण बांधलेले टिकवण्याची सोय आपल्या बळावर करा, एवढेच दिल्लीचे म्हणणे होते.

आपण पैसा घेतला आणि अट गुंडाळली. ठाण्यात एकात्मिक नाला विकास प्रकल्पात नाल्यांना भिंती बांधल्या गेल्या. कल्याण-डोंबिवलीत पाणीपुरवठा आणि मलवाहिन्यांची कामे निघाली. भिंत दिसते, तिच्यापुढे नारळ फोडता येतो, कोनशिला बसवता येते. नाल्यात सांडपाणी मिसळू नये म्हणून वर्षभर जोडण्या तपासणारा माणूस दिसत नाही, त्याच्या पगाराचे उद्घाटनही होत नाही. पावसाळी नाला एप्रिलमध्ये कोरडा असला पाहिजे. आपला एप्रिलमध्येही काळाभोर वाहतो, यातच सगळे आले. पहिला पाऊस मग हे सांडपाणी, रस्त्यावरचे तेल, टायरची झीज आणि कचरा एका दमात खाडीत नेतो.

दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईचा सोहळा ठरलेला. पोकलेन येतो, गाळ उपसून काठावरच रचतो. त्यात थर्माकोल, दुधाच्या पिशव्या, शहाळी, एखादी फाटकी गादी. वरचा थर सुकून भेगाळतो, आतला ओलाच राहतो. जूनची पहिली जोरदार सर आली की अर्धा ढीग घसरत पुन्हा नाल्यात. देयक निघते ते काढलेल्या गाळाचे. परत गेलेल्या गाळाचा हिशेब मागायची पद्धत नाही. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्थसंकल्प आला की एकच मथळा: करवाढ नाही! त्यावर बाके वाजवण्यात सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात कधी दुमत नव्हते. आम्ही डोंबिवलीच्या फडके रोडवर उभे राहून पालिकेला शिव्या घालणारे लोकही त्या मथळ्यावर खूश होतो, हे त्या नगरसेवकांना पक्के ठाऊक होते.

दशकाच्या शेवटी फळे पदरात पडली. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला. नोव्हेंबरअखेर वालधुनीत रसायन ओतले गेले आणि उल्हासनगरात शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयात पोचली. एप्रिल २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने कचऱ्यापायी कल्याण-डोंबिवलीतल्या नव्या बांधकामांच्या परवानग्या रोखल्या. जुलैत ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर हरित लवादाने उल्हास नदीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना आणि पालिकांना कोट्यवधींचा दंड सुनावला. जो खर्च कर म्हणून द्यायला आपल्याला नको होता, तो दंड म्हणून समोर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, बहुतेक व्यापाऱ्यांपुरता गेला. हक्काचे म्हणावे असे उत्पन्न उरले ते मुख्यतः घरपट्टीचे, आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

पुढची वर्षे त्याच पानाच्या छायाप्रती आहेत. २०१७ ला पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफीचे आश्वासन, २०१९ ला वांगणीजवळ पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, २०२० ला डोंबिवली एमआयडीसीतला गुलाबी रस्ता. मग थकबाकीदारांच्या व्याजाला माफी देणारी अभय योजना. वेळेवर भरणाऱ्याच्या हाती मात्र नुसती पावती. नोव्हेंबर २०२० नंतर कित्येक वर्षे कल्याण-डोंबिवलीत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. नांदिवलीसारख्या सत्तावीस गावांतल्या वस्त्यांत शहराचा कर आधी पोचला, शहराची गटारे अजून वाटेत आहेत. तिथल्या रहिवाशांचा संताप रास्त आहे.

जगात यावर उपाय सापडलेला नाही असे नाही. अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहराने १९७४ मध्येच पावसाळी पाण्याची स्वतंत्र आकारणी सुरू केली. जर्मनीत छप्पर आणि फरसबंदी यांच्या चौरस मीटरवर पैसे पडतात. पाणी जिरवणाऱ्याला सूट मिळते. लॉस एंजेलिस परगण्यात २०१८ ला मतदारांनीच पाणी न शोषणाऱ्या जागेवर चौरस फुटाला अडीच सेंट कर मान्य केला. आपली घरपट्टी मात्र अजून भाडेमूल्य पाहते. तुमच्या आवारातून किती पाणी रस्त्यावर लोटले जाते, हे ती विचारत नाही. तळमजल्यावर मातीचा तुकडा राखणारी जुनी सोसायटी आणि कुंपणापासून कुंपणापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकणारा टॉवर, नाल्याच्या दृष्टीने दोघे सारखेच.

कर वाढवा म्हटले की लोक अंगावर येतात, कारण आधीच्या पैशाचे काय झाले ते कुणी सांगितलेले नाही. म्हणून क्रम उलटा हवा. आधी नाल्याचे स्वतंत्र खाते उघडा, प्रभागवार जमाखर्च जाहीर करा, पावसाआधी आणि नंतर पाणी तपासून आकडे चौकात लावा. मग बिलात ओळ घाला. जास्त सिमेंट त्याला जास्त, माती राखील त्याला सूट, झोपडीला माफी. निवडणूक लागली की करमाफीचे फलक पुन्हा झळकतील. दारात येणाऱ्या उमेदवाराला एवढेच विचारायचे: माफी ठीक आहे, पण नाला कुणाच्या पैशाने साफ करणार? उत्तर नसेल तर त्याने पुढचे दार गाठावे.