भुशाची गोळी : तिचे उपयोग आणि तिचे मूळ

सरपण, कोळसा, रॉकेल आणि गॅस अशा क्रमाने आपल्या शहरांतील चूल बदलत गेली. प्रत्येक बदलाच्या वेळी आपण दोनच प्रश्न विचारले : नवे इंधन स्वस्त पडेल काय, आणि धूर कमी होईल काय? ते आले कोठून, हे आपण सहसा विचारीत नाही. कोळसा खाणीतून येतो आणि गॅस सिलिंडरातून येतो, एवढ्यावर आपले समाधान होते. आज ज्या इंधनाचा विचार करावयाचा आहे, त्याच्या बाबतीत मात्र ‘कोठून’ हाच प्रश्न पहिला ठरतो. शेतातील काडीकचरा किंवा वखारीतील लाकडाचा भुसा दाबून केलेल्या ज्या गोळ्यांना बाजारात ‘पेलेट’ म्हणतात, ते हे इंधन होय.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. पेलेट म्हणजे बोटाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक जाडीची, इंच-दीड इंच लांबीची कांडी. लाकडी पेलेटची जाडी बहुधा ६ ते ८ मिलिमीटर असते. याच मालाचे मनगटाएवढे जाड ओंडके केले, की त्यांना ब्रिकेट म्हणतात. कारखान्यांच्या बाजारात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात तो हाच. खाणीच्या कोळशाशी त्याचा काही संबंध नाही.

आता कोणी म्हणेल, की भुसा तसाच जाळता येतो, मग तो दाबण्याचा खटाटोप कशाला? याचे उत्तर वजनात आणि जागेत आहे. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा पेटाऱ्यात सुटा पेंढा किंवा पाचट भरले, तर ते पन्नास ते शंभर किलोच मावते. त्याच पेटाऱ्यात पेलेट सहाशे किलोंहून अधिक मावतात. सुटा पेंढा ट्रकने दूर नेणे म्हणजे हवेचे भाडे भरणे होय. शिवाय सुटा माल एकसारखा जळत नाही. कोठे भडका उडतो, तर कोठे नुसता धुमसतो. कांड्या सारख्या आकाराच्या व सारख्या ओलीच्या असल्या, की चुलीत किती घालावयाचे हे मोजता येते आणि मोठ्या बॉयलरमध्ये ते काम यंत्राकडे सोपवता येते.

गोळी बांधण्यासाठी डिंक किंवा खळ लागत असेल असे पुष्कळांना वाटते. पण बहुतेक मालाला बाहेरून काहीच घालावे लागत नाही. लाकडात आणि काडीत ‘लिग्निन’ नावाचे एक द्रव्य निसर्गतःच असते. झाडाला ताठपणा येतो तो बव्हंशी त्याच्यामुळे, आणि जुनी वर्तमानपत्रे पिवळी पडतात तीही त्याच्यामुळेच. माल दळून बारीक करतात, ओल शेकडा दहा-पंधरापर्यंत खाली आणतात आणि मग तो पोलादी साच्याच्या भोकांतून रुळांच्या दाबाने बाहेर काढतात. घर्षणाने माल तापतो, लिग्निन मऊ होते व कणांना धरून ठेवते. कांडी थंड झाली की ते पुन्हा घट्ट होते. माल फार ओला असला तर गोळी फुटते, फार कोरडा असला तर बांधलीच जात नाही. गोळीची सारी विद्या या ओलीच्या मोजमापात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या गोळ्यांचे उपयोग अनेक आहेत. थंड देशांत घरे उबदार ठेवण्यासाठी त्या जाळतात. तेथे लाकडाचे पेलेट तबेल्यात घोड्यांखाली पसरतात, कारण पाणी शोषताच ते फुगून त्यांचा पुन्हा भुसा होतो. मांजरांच्या पेटीतही याच गुणामुळे ते वापरतात. आपल्याकडे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे वाफ लागणारे कारखाने : कापडाची रंगणी, दुधाचे व खाद्यपदार्थांचे कारखाने, औषधांचे कारखाने. त्यानंतर खाणावळी, वसतिगृहांची स्वयंपाकघरे आणि मिठाईवाल्यांच्या भट्ट्या. एक किलो गॅसमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढी मिळवण्यास सुमारे तीन किलो पेलेट लागतात. आणि गॅसची शेगडी उष्णतेचा अधिक मोठा भाग भांड्याला देत असल्यामुळे, व्यवहारात चार-पाच किलो धरावे लागतात. खाणावळवाल्याने भाव ताडताना हे गुणोत्तर मनात ठेवावे. नुसता किलोचा दर पाहिला तर हिशेब चुकतो.

घरगुती चुलीचा अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या साहाय्याने ब्रिटिश पेट्रोलियम या कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची चूल बाजारात आणली. तिच्यात बॅटरीवर चालणारा लहानसा पंखा होता. हवेच्या झोताने धूर बराचसा जळून जाई. महाराष्ट्र व कर्नाटकासह काही राज्यांत मिळून अशा सुमारे चार लाख चुली खपल्या. पुढे तो व्यवसाय पुण्याच्या एका कंपनीकडे आला. चूल चांगली होती. पण शेतातल्या काडीकचऱ्याला गिऱ्हाईक वाढताच त्याचा भाव चढला, त्यामागे पेलेटचा भाव चढला, आणि घरोघरच्या गृहिणींना ते परवडेनासे झाले. व्यवसाय घरातून निघून खाणावळींकडे व कारखान्यांकडे वळला. ज्याला आपण फुकटचा कचरा समजत होतो, तो मागणी येताच फुकटचा राहत नाही, हा यातला धडा होय.

हाच धडा मोठ्या प्रमाणावर वीजकेंद्रांच्या बाबतीत दिसतो. पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये फार थोडे दिवस मिळतात. म्हणून शेतकरी भाताचे खुंट व पेंढा शेतातच पेटवून देतात आणि तो धूर दिल्लीपर्यंत जातो. तोच पेंढा गोळ्या करून कोळशात मिसळावा, असा विचार पुढे आला. २०१७ साली दादरी येथील वीजकेंद्रात तसा प्रयोग झाला. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने कोळशाच्या वीजकेंद्रांना असे मिश्रण बंधनकारक केले, आणि २०२३ च्या सुधारणेत २०२४-२५ पासून शेकडा पाच व २०२५-२६ पासून शेकडा सात असे प्रमाण ठरवले. प्रत्यक्षातला पुरवठा या आकड्यांच्या पुष्कळ मागे राहिला. पेंढा गोळा करणे, तो वर्षभर कोरडा साठवणे आणि गोळ्या करणे, ही कामे हुकमाने होत नाहीत. त्यांना यंत्रे, गोदामे आणि खात्रीचा भाव लागतो. त्यात भाताच्या पेंढ्यात वाळूचे द्रव्य आणि पोटॅश अधिक असल्यामुळे भट्टीत राखेचे खडे धरतात, ही अडचण वेगळीच.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ : माल आणावा कोठून? महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर प्रत्येक पिकाचे उत्तर वेगळे आहे, आणि सगळ्यांना एकच ‘कचरा’ हा शब्द लावणे हीच मोठी चूक आहे.

ज्वारीचा कडबा हा कचरा नव्हे. तो जनावरांचा घास आहे. त्याच्या गोळ्या करणे म्हणजे गोठा उपाशी ठेवून भट्टी पेटवणे होय. उसाचा चोथा साखर कारखान्यांच्या स्वतःच्या बॉयलरांना व वीजनिर्मितीला लागतो आणि कागदाच्या गिरण्याही तो मागतात. बाहेर उरतो तो थोडा. उसाचे पाचट बहुधा जाळले जाते, पण त्याचा उत्तम उपयोग शेतातच आहे : सरींत पसरले तर ओल टिकते आणि कुजून जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते. भाताचे तूस गिरणीतच आयते गोळा होते, ही त्याची सोय. पण त्यावर गिरण्यांच्या व वीटभट्ट्यांच्या मालकांचा हक्क आधीपासून आहे, आणि शंभर किलो तूस जाळले तर पंधरा-वीस किलो राख उरते. लाकडाचा भुसा सर्वांत उत्तम, राख शेकडा एकाच्या आसपास. पण वखारी मोजक्याच, आणि कोंबड्यांच्या खुराड्यांपासून उदबत्तीच्या कारखान्यांपर्यंत त्याला गिऱ्हाइके पुष्कळ.

राहिल्या कपाशीच्या पऱ्हाट्या. आमच्या मते महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत विचार करण्याजोगा माल हाच आहे. राज्यात सुमारे चाळीस लाख हेक्टरांवर कपाशी होते आणि हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाट्या निघतात. त्या जनावरे खात नाहीत, लवकर कुजत नाहीत, आणि हंगाम संपल्यावर शेतात वा बांधावर पडून राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. म्हणून त्या वेळेवर उपटून काढाव्यात असे कृषिशास्त्रज्ञच सांगतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांपासून ब्रिकेट व पेलेट करण्यावर बरेच काम केले आहे. त्यांचे लाकूड कठीण असल्याने गोळीही चांगली होते. अडचण एवढीच, की माल विखुरलेला आहे आणि उपटण्या-तोडण्याची मजुरी भारी पडते.

पण येथेही एक गोष्ट नगरवासीयांच्या लक्षात यावयास हवी. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या हे गरिबाच्या चुलीचे सरपण आहे. ज्या शेतमजूर स्त्रीच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, ती मालकाला विचारून एक मोळी डोक्यावर घेऊन घरी जाते आणि त्यावर तिची भाकरी भाजली जाते. उद्या गावात ट्रक आला आणि पऱ्हाट्यांना टनामागे भाव मिळू लागला, तर मालक त्या विकील, आणि त्यात त्याचा दोष नाही. तिच्या घरचा गॅसचा सिलिंडर रिकामा असला तर तिने काय पेटवावे? शहरातील भट्टी स्वच्छ झाली आणि खेड्यातील चूल विझली, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. म्हणून गोळा करणाऱ्याने गावाच्या सरपणाचा वाटा आधी बाजूला काढावा, आणि उपटणीची मजुरी रोख व गावातच द्यावी, एवढी किमान अट आम्हांला आवश्यक वाटते.

पर्यावरणाच्या हिशेबातही मूळ पाहूनच निवाडा करावा लागतो. इंग्लंडात यॉर्कशायरमधील ड्रॅक्सच्या प्रचंड वीजकेंद्राने २०१३ पासून एकेक संच कोळशावरून लाकडी पेलेटवर नेला. ते पेलेट अमेरिका व कॅनडातून जहाजांनी समुद्र ओलांडून येतात. वखारीचे उरलेले लाकूड जाळणे एक आणि त्यासाठी वाढते झाड तोडणे दुसरे, यावरून तेथे दीर्घकाळ वाद चालू आहे. पऱ्हाटीने सोडलेला कर्बवायू पुढच्या हंगामाची कपाशी परत घेते. चाळीस वर्षांच्या झाडाची भरपाई व्हावयास चाळीस वर्षे जावी लागतात.

व्यवहारासाठी थोड्या सूचना. चांगली गोळी तुळतुळीत असते, मोडताना कट् असा आवाज करते आणि पाण्यात टाकली तर बुडते. पोत्याच्या तळाशी भुकटी फार असेल तर माल कच्चा समजावा. मोजून एक किलो जाळून राख तोलावी. ती अपेक्षेहून पुष्कळ अधिक आली तर मालात माती आहे. पावसाळ्यात पोती जमिनीपासून उंच व झाकून ठेवावीत, कारण ओल लागलेल्या गोळीचा पुन्हा भुसाच होतो. मोठ्या साठ्याच्या बंद खोलीत मात्र एकदम शिरू नये; पेलेटच्या ढिगातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सुटतो, त्याला वास नसतो आणि त्याने माणसे दगावली आहेत. आणि चूल कितीही सुधारलेली असली तरी धुराला वाट ही हवीच.

सारांश, ही गोळी स्वतः चांगलीही नाही आणि वाईटही नाही. तिचा गुण तिच्या मुळात आहे. खरेदी करणाऱ्याने दुकानदाराला दराबरोबर तीन प्रश्न विचारावेत : माल कोणत्या पिकाचा, कोणत्या गावचा, आणि तो येथे येण्यापूर्वी तेथे कोणाच्या उपयोगी पडत होता? पहिल्या दोहोंची उत्तरे पोत्यावर छापता येतील. तिसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे हे गिऱ्हाइकाचे काम आहे.