सदरा सांगतो ते ऐका

अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेल्या बुकर टी. वॉशिंग्टनचं १९०१ सालचं आत्मचरित्र मराठीत ‘आत्मोद्धार’ म्हणून आणलं ते नागेश वासुदेव गुणाजी यांनी. हे गृहस्थ बेळगावचे, म्हणजे विणकरांच्या शहापूरच्या अगदी शेजारचे. पुस्तक आजवर ‘कष्टाने मोठा झालेला माणूस’ म्हणूनच वाचलं गेलं. माझं म्हणणं, ते गुलामगिरीची साक्ष म्हणून वाचावं. वॉशिंग्टनला स्वतःची जन्मतारीख माहीत नाही. झोपायला मातीच्या जमिनीवर चिंध्या. अंगात जवसाच्या टाकाऊ धाग्याचा सदरा, नवा असताना काट्यांसारखा टोचणारा. म्हणून थोरला भाऊ जॉन तो आधी काही दिवस घालून मऊ करून देई. शहापूरच्या विणकरांना ‘टोचणारा सदरा’ काय ते समजावून सांगायला नको!

यावर आक्षेप असा की, टस्कीगीच्या आपल्या शाळेसाठी देणग्या हव्या असलेला माणूस गोऱ्या वाचकांना दुखावणार कसा? आक्षेप खराच आहे. गुलामगिरीतून काळ्या लोकांचाही फायदा झाला, असं तो लिहून जातो. त्याच्या सबुरीच्या धोरणावर कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइसने १९०३ मध्ये सडकून टीका केली. पण म्हणून पुस्तक बाद होत नाही. उलट, मालकांना सांभाळून घेणाऱ्या माणसाच्या लेखणीतूनही तो सदरा सुटला नाही, हाच भक्कम पुरावा. ‘गुलामगिरी संपली तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा, काय आठवणार?’ असंही कुणी म्हणेल. मग गुलामगिरीतच जन्मलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५ चं आत्मचरित्र शेजारी ठेवा: वेगळं राज्य, वेगळी पिढी, स्वर कितीतरी धारदार, आणि जन्मतारीख त्यालाही ठाऊक नाही.