बांधलं खरं, पण काय वगळून?

लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण उबुंटूच्या भांडारातून तयार सॉफ्टवेअर कसं येतं ते पाहिलं. एक कमांड, एक पासवर्ड, झालं काम. पण छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. पासवर्ड लॅब असिस्टंट सरांकडे, सर जेवायला गेलेले, आणि मशीनवर उबुंटू २२.०४. तिला जुन्या मराठी मासिकांच्या स्कॅन केलेल्या पानांतून मजकूर काढायचाय. त्यासाठी लागणारं टेसेरॅक्ट त्या उबुंटूच्या भांडारात आहे, पण ४.१.१ आवृत्तीचं. पाचवी आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्येच आली होती. तिला पाचवीच हवीय. मग एकच वाट उरते: सोर्स कोड उतरवायचा आणि आपल्याच होम फोल्डरमध्ये बांधायचा.

अशा कामाला या शहरात तोटा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात मोडी अक्षरं ओळखण्यावर आणि मराठी उच्चारांवर संशोधन झालेलं आहे, आणि वाचनालयांच्या कपाटांत पिवळी पडलेली पानं तर ढिगाने आहेत. टेसेरॅक्ट जन्मलं मात्र ह्यूलेट-पॅकार्डच्या ब्रिस्टल प्रयोगशाळेत. १९८५ ते १९९४ या काळात ते घडलं, मग दहाएक वर्षं अडगळीत पडलं, २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि पुढे गूगलने ते पोसलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत अक्षर न् अक्षर सुटं करण्याऐवजी अख्खी ओळ वाचणारं न्यूरल नेटवर्क आलं. शिरोरेषेने एकमेकांना धरून बसणाऱ्या आपल्या अक्षरांना ते मानवलं.

गंमत अशी, की टेसेरॅक्टला चित्राची फाइल स्वतः उघडता येत नाही. ते काम लेप्टोनिका नावाची लायब्ररी करते. लेप्टोनिकालाही पीएनजी फाइल उघडायला लिबपीएनजी लागते, आणि लिबपीएनजीला झेडलिब. म्हणजे बांधकाम खालून वर: झेडलिब, लिबपीएनजी, लेप्टोनिका आणि सगळ्यांत शेवटी टेसेरॅक्ट. आज आपण मुक्काम करणार आहोत लेप्टोनिकावर, कारण धडा तिथे आहे.

सोर्सची गठडी सोडली की फोल्डरमध्ये कॉन्फिगर नावाची एक लांबलचक स्क्रिप्ट दिसते. ती आधी चालवायची, मग मेक, मग मेक इन्स्टॉल. या तीन कमांड मुलांना मंत्रासारख्या पाठ असतात आणि मंत्रासारख्याच, अर्थ न विचारता, म्हटल्या जातात. त्यातल्या मेकची कुळकथा मजेदार आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन वैतागून शिरले. प्रोग्रॅममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती; सकाळ अख्खी बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधण्यात गेली. कुठली फाइल बदलली आणि म्हणून काय काय पुन्हा बांधायचं, हे लक्षात ठेवणारा प्रोग्रॅम फेल्डमननी त्यावरून लिहिला. कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालणार नाही, हा मेकफाइलचा जाचक नियमही तेव्हाचाच. तो बदलावा असं त्यांना लवकरच वाटलं होतं, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडणं फेल्डमनना प्रशस्त वाटेना. त्या डझनभरांची सोय आपण आजही सोसतोय.

मेक हा सांगितलं तेवढंच करणारा गडी. खरं ठरवते ती कॉन्फिगर. मशीनवर कंपाइलर कोणता, अमुक लायब्ररी आहे का, तमुक फंक्शन चालतं का, अशा शेकडो चौकश्या ती करते आणि प्रत्येकीचं उत्तर पडद्यावर छापत जाते: ‘येस’ नाही तर ‘नो’. ओळी इतक्या झरझर सरकतात, की बहुतेक जण तेवढ्यात चहा घेऊन येतात. त्याच ओळींत एक असते, लिबपीएनजीची चौकशी, आणि तिच्यापुढे ‘नो’.

इथे कोणीही गोंधळेल. त्या मशीनवर पीएनजी चित्रं तर रोज उघडतात. मग लिबपीएनजी नाही कशी? याचं उत्तर शहराजवळच्या वाळूज औद्योगिक पट्ट्यातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळेल. १९८५ साली बजाजचा कारखाना तिथे सुरू झाल्यापासून सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने त्या पट्ट्यात उभे राहिले. तयार पार्ट गाडीत बसलेला असतो, गाडी पळते. पण त्याला जुळणारा दुसरा पार्ट बनवायचा तर ड्रॉइंग लागतं: मापं, भोकं, टॉलरन्स. तयार लायब्ररी हा पार्ट आणि हेडर फाइल हे तिचं ड्रॉइंग. उबुंटू पार्ट सरसकट देतं. ड्रॉइंग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवतं, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं. नुसतं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला त्याची गरज नसते. बांधणाऱ्याचं मात्र त्याच्यावाचून पान हलत नाही.

हेडर सापडली नाही तर कॉन्फिगर थांबायला हवी, असं आपल्याला वाटतं. काही लायब्ऱ्या थांबतातही. लिबपीएनजीला झेडलिब सापडली नाही, तर ती तिथल्या तिथे एरर देऊन बसते, पुढे पाऊल टाकत नाही. लेप्टोनिकाचा स्वभाव वेगळा. पीएनजी, जेपेग, टिफ या तिच्या लेखी ऐच्छिक गोष्टी. सापडल्या तर घेते, नाही सापडल्या तर कुरकुर न करता पुढे जाते. तिच्या सोर्समध्ये त्यासाठी खास फाइलीच आहेत, नावाच्या शेवटी ‘स्टब’ असलेल्या. खऱ्या फंक्शनच्या जागी त्या एक पोकळ फंक्शन ठेवतात, ज्याचं काम एवढंच सांगणं, की हे फंक्शन इथे नाही. मेक विनातक्रार पूर्ण होतं, मेक इन्स्टॉलही. टेसेरॅक्टला फक्त लेप्टोनिका १.७४ किंवा त्याहून नवी हवी असते. ती मिळाली म्हणून तेही बांधून होतं. एरर येतो तो शेवटी, पहिलं पीएनजी पान वाचायला दिल्यावर. तोवर दुपार गेलेली असते, आणि संशय घेतला जातो टेसेरॅक्टवर.

लेप्टोनिका लिहिणाऱ्या डॅन ब्लूमबर्ग यांना यात दोष देता येत नाही. बीएमपी आणि पीएनएम या फाइली लेप्टोनिका कुणाच्याही मदतीशिवाय वाचते, आणि छोट्याशा उपकरणावर तेवढंच हवं असणारेही लोक असतात. ऐच्छिक ठेवलं ते योग्यच. चुकीची आहे ती आपली समजूत, की एरर आला नाही म्हणजे सगळं आलं. सोर्समधून बांधणं म्हणजे भांडारवाल्यांनी आपल्या वतीने घेतलेले निर्णय पुन्हा स्वतः घेणं. आपण घेतले नाहीत तर कॉन्फिगर घेते.

उपाय साधा आहे आणि थोड्यांना ठाऊक असतो. कॉन्फिगरला स्वच्छ सांगायचं, ‘विथ लिबपीएनजी’. पर्याय असा नाव घेऊन मागितला, की तो ऐच्छिक राहत नाही. लायब्ररी सापडली नाही तर लेप्टोनिकाही मग एरर देऊन थांबते. आपल्याला जे जे हवं ते असं नाव घेऊन मागावं. शिवाय कॉन्फिगरने केलेली प्रत्येक चौकशी ‘कॉन्फिग डॉट लॉग’ या फाइलमध्ये साठलेली असते. ‘नो’ का आलं, कोणता छोटा प्रोग्रॅम कंपाइल होऊ शकला नाही, सगळं तिथे आहे. रटाळ वाचन आहे, मान्य.

होम फोल्डरमध्ये बांधताना प्रत्येक पायरीला ‘प्रीफिक्स’ द्यावा लागतो, म्हणजे बांधलेला माल कुठे ठेवायचा तो पत्ता. आणि पुढच्या लायब्ररीला मागचीचा पत्ता कळवावा लागतो. लेप्टोनिका बसली की तिच्याबरोबर एक छोटी पीसी फाइल येते. लायब्ऱ्यांचे पत्ते शोधून देणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगच्या पाथमध्ये तिचं फोल्डर घातलं, की टेसेरॅक्टला लेप्टोनिका दिसते. घरच्या लॅपटॉपवर सुडो, म्हणजे अख्ख्या सिस्टीमवर बसवण्याचा अधिकार, असलेल्यांची फजिती वेगळ्या ठिकाणी होते. सगळं बसतं, कमांड दिली की शेअर्ड लायब्ररी सापडत नाही असा एरर. फाइल डोळ्यांना दिसते, सिस्टीमला दिसत नाही, कारण लायब्ऱ्यांची यादी लिनक्स साठवून ठेवतं आणि ती अद्ययावत व्हायला एकदा एलडीकॉन्फिग चालवावं लागतं.

कॉन्फिगर ही इतकी लांब, इतकी न वाचली जाणारी स्क्रिप्ट आहे, याचा फायदा घेणारेही निघाले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो उघडणारी एक ओळ गिटवरच्या सोर्समध्ये नव्हतीच. वाटण्यासाठी बांधलेल्या गठडीतल्या, कॉन्फिगर तयार करण्याच्या एका मॅक्रो फाइलमध्ये ती होती. लिनक्सच्या ठरावीक पॅकेजांसाठी बांधणी चालू आहे असं दिसलं तरच ती जागी व्हायची. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, म्हणून २९ मार्चला ते जगाला कळलं. सोर्समधून बांधलं म्हणजे आपोआप सुरक्षित, या समजुतीचा एवढा मोठा फज्जा पूर्वी क्वचितच उडाला असेल.

आपल्या मुलीकडे परत येऊ. टेसेरॅक्टला आवृत्ती विचारली की ते आपला आकडा सांगतं आणि त्याखाली लेप्टोनिकाचा, आणि त्याखाली लेप्टोनिका कशाकशासह बांधली त्याची ओळ: लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब, प्रत्येकाचा आकडा. पान वाचायला देण्याआधी ही ओळ बघायची. त्यात लिबपीएनजी नसेल तर पुढे काही करण्यात अर्थ नाही, लेप्टोनिकापासून पुन्हा सुरुवात.

एवढं होऊनही मराठी येत नाही. भाषेची फाइल सोर्सच्या गठडीत नसते, ती वेगळी उतरवावी लागते. ‘बेस्ट’ आणि ‘फास्ट’ अशा दोन संचांत मराठीची फाइल मिळते. पहिली सावकाश वाचते, दुसरी भराभर. कोणती घ्यावी ते कळत नसेल तर बेस्ट घ्या, लॅबचं मशीन दमलं तर फास्ट. आळसाने हिंदीची फाइल टाकू नका. ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ यांच्याशी तिची फारशी ओळख नाही. फाइल टेसडेटा फोल्डरमध्ये ठेवायची आणि त्या फोल्डरचा पत्ता ‘टेसडेटा प्रीफिक्स’ या व्हेरिएबलमध्ये द्यायचा.

पुढच्या लेखांकात हेच टेसेरॅक्ट पायथनमधून कसं वापरायचं ते पाहू. त्याआधी कॉन्फिग डॉट लॉग उघडून त्यातले ‘नो’ एका कागदावर उतरवून ठेवा; त्यातले दोन-तीन आपल्याला तिथे लागणार आहेत.