मांसाऐवजी मत्स्याहार आणि स्त्रियांचे रक्तगत कोलेस्टेरॉल

रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रीच्या तपासणी-अहवालात कोलेस्टेरॉल वाढलेले दिसले की "मटण सोडा, मासे चालतील" हा सल्ला कोकणपट्टीत हमखास दिला जातो. सल्ला अयोग्य नाही. परंतु त्याने नेमके काय साधते, हे वैद्याने व औषधविक्रेत्याने जाणले नाही, तर रुग्णा आवश्यक औषध सोडून केवळ मासळीवर विसंबण्याचा धोका असतो. म्हणून या विषयाचा येथे थोडक्यात परामर्श घेत आहोत.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २७ व्या अध्यायात मत्स्यांचे वर्णन गुरू, उष्ण, स्निग्ध, बल्य व बृंहण असे आहे. २५ व्या अध्यायात मत्स्यांमध्ये रोहित श्रेष्ठ मानला आहे. म्हणजेच मत्स्य हे लेखन द्रव्य नव्हे. नेहमीच्या आहारात मासळीची भर घालणे ही मेदोरोगाची चिकित्सा ठरत नाही. मांसाच्या जागी मासळी आली तरच लाभाची अपेक्षा धरता येते.

आधुनिक संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. १९७० च्या दशकात बँग व डायरबर्ग या डॅनिश संशोधकांना ग्रीनलंडच्या मूळ रहिवाशांत डेन्मार्कवासीयांपेक्षा रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड कमी आढळले. तेथील आहारात मासळीबरोबर सील व देवमाशाचे मांसही होते. पुढील चाचण्यांतून स्पष्ट झाले की, मासळीतील ओमेगा-३ स्निग्धाम्ले मुख्यतः ट्रायग्लिसराइड कमी करतात. एलडीएलवर त्यांचा परिणाम अल्प असतो, क्वचित ते किंचित वाढतेही. मांसाऐवजी मासळी घेतल्यावर एलडीएल उतरते ते प्रामुख्याने मटणातील संपृक्त चरबी कमी झाल्यामुळे. ताटात काय आले याइतकेच ताटातून काय गेले, हे महत्त्वाचे. त्याच मासळीचे कालवण नारळाच्या दाट रसात केले, तर संपृक्त चरबी दुसऱ्या वाटेने परत येते.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रजोनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेनच्या प्रभावामुळे एचडीएल पुरुषांच्या तुलनेने अधिक असते. रजोनिवृत्तीच्या सुमारास एलडीएल वेगाने वाढते. त्यामुळे पंचेचाळिशीतील व बावन्नाव्या वर्षाचा अहवाल शेजारी ठेवून केवळ आहाराला दोष देणे न्याय्य नाही. अवटु ग्रंथीची मंदता स्त्रियांत अधिक आढळते व तिनेही कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून टीएसएच तपासणी करून घ्यावी.

व्यवहारात आठवड्यातून दोन वेळा, शिजवलेली सुमारे शंभर ग्रॅम मासळी पुरेशी होय. बांगडा व तारली यांत ओमेगा-३ भरपूर असून त्या स्वस्तही आहेत. बोंबलात चरबी अत्यल्प असते. मासळी तळण्यापेक्षा कोकम घालून पातळ कालवण करावे. दुधाबरोबर मासळी हा विरुद्धाहार सर्वांना परिचित आहेच. पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात खारवलेल्या सुक्या मासळीचा वापर वाढतो. रक्तदाब असलेल्या स्त्रियांना त्यातील मिठाची जाणीव करून द्यावी. अग्नी मंद असल्यास मात्रा कमी ठेवावी.

औषधविक्रेत्या बंधूंना आमची विनंती अशी की, मत्स्यतेलाच्या कॅप्सूल 'कोलेस्टेरॉलचे औषध' म्हणून देऊ नयेत. २०१८ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत ओमेगा-३ च्या अधिक मात्रेने हृदयाच्या अनियमित स्पंदनाचे प्रमाण वाढलेले दिसले. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हेही ग्राहकास अवश्य विचारावे.

एलडीएल १९० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक असल्यास, अथवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असल्यास, पथ्य हे औषधाचे साहाय्यक असते, पर्याय नव्हे. अशा रुग्णेची चालू औषधे परस्पर बंद करू नयेत. इतरांत आहारबदल दोन-तीन महिने निष्ठेने पाळवून पुन्हा तपासणी करावी आणि एलडीएल व ट्रायग्लिसराइड हे आकडे वेगवेगळे वाचावेत. मासळीने ट्रायग्लिसराइड उतरले म्हणजे एलडीएलही उतरले, असे समजू नये.