बर्फाच्या कडेची लाल जाळी

हिवाळ्यात शनिवार-रविवारी सकाळी टीव्हीवर स्कीच्या शर्यती आपल्यापैकी पुष्कळजण पाहत असतील. निदान मुले पाहतात म्हणून आपण चहाचा कप घेऊन शेजारी बसतो. पांढऱ्याशुभ्र उतारावरून एखादा ऑस्ट्रियन किंवा नॉर्वेजियन गडी भन्नाट वेगाने खाली येतो आणि त्याच्या कडेने लाल रंगाची एक रेघ सतत पळत असते. ती रेघ म्हणजे सुरक्षा-जाळी. कुणी पडले नाही तर तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही.

आपण लक्ष द्यायचे कारण असे की, आता आपल्या मंडळातल्या काही घरांतली मुले क्लबच्या रेसिंग टीममध्ये आहेत. फी भरली, महागडे बूट घेतले की पालकांचे काम संपले असे या देशात नसते. शर्यतीच्या दिवशी आईवडिलांनीही राबायचे असते. कुणी गेटपाशी उभे राहून चुका टिपतो, कुणी सँडविचचे टेबल सांभाळतो आणि उरलेल्यांच्या हातात पहाटे सहा वाजता जाळीची गुंडाळी दिली जाते. आमच्या कोलोरॅडोत बीव्हर क्रीकला डिसेंबरमध्ये वर्ल्ड कपची 'बर्ड्स ऑफ प्रे' शर्यत भरते. तिथेही ट्रॅकवरचे बरेचसे काम 'टॅलन क्रू' नावाचा स्वयंसेवकांचा ताफा करतो. तेव्हा हे काम कमीपणाचे मुळीच नाही. पण ते नेमके काय करते, हे ठाऊक असलेले बरे.

आधी थोडे गणित. ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सुमारे ६२ मैल, हा डाउनहिल शर्यतीत मोठा वेग नव्हे. स्वित्झर्लंडमधल्या वेंगेन येथील लाउबरहॉर्न शर्यतीत २०१३ साली योहान क्लारे या फ्रेंच स्पर्धकाचा वेग ताशी १६१.९ किलोमीटर मोजला गेला होता. तरी आपण शंभरच धरू. या वेगाने एखाद्या झाडावर आदळणे आणि तेराव्या मजल्यावरून रस्त्यावर पडणे यांत शरीराच्या दृष्टीने फारसा फरक नाही. क्लबातली बारा-तेरा वर्षांची मुले ताशी साठने जात असली, तरी तो हिशेब चौथ्या-पाचव्या मजल्याचा होतो.

आता हाच शंभरचा वेग एका मीटरच्या अंतरात शून्यावर आणायचा, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ ३९ पट जोर येतो. ८० किलोच्या माणसाला तो तीन टनांहून अधिक वाटेल. थांबायला पाच मीटर मिळाले तर तो आठ पटींवर येतो, दहा मीटर मिळाले तर चार पटींवर. क्रिकेटचा कडक चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, त्यातले शास्त्र हेच. हात ताठ ठेवला की बोट गेलेच. म्हणजे घसरत येणाऱ्याला मिळायला हवे ते थांबण्याचे अंतर. जाळीला भिंत समजणे ही नवख्या माणसाची पहिली गैरसमजूत असते. जागच्या जागी घट्ट उभी राहणारी जाळी ही वाईट जाळी होय.

पूर्वी हे काहीच नव्हते. झाडांना आणि खांबांना पेंढ्याचे भारे बांधत, बर्फाचे बांध घालत आणि बाकीचे देवावर सोडत. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी डाउनहिलच्या सरावात रॉस मिल्न हा १९ वर्षांचा ऑस्ट्रेलियन मुलगा ट्रॅकबाहेर जाऊन झाडावर आदळला आणि गेला. (जाता जाता, हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे नाव पहिल्यांदा लागले ते याच खेळांत. जेरेमी बुजाकोव्स्की हा मूळचा पोलिश घराण्यातला स्पर्धक डाउनहिलमध्येच भारताकडून उतरला होता.) त्या काळच्या शर्यतींची छायाचित्रे पाहिली तर प्रेक्षक, कुंपणे आणि देवदाराची झाडे ट्रॅकला इतकी खेटून दिसतात की अंगावर काटा येतो.

आजच्या जाळ्यांचे मुख्य प्रकार दोन. 'ए' जाळी कायमची. उन्हाळ्यात जमिनीत पाया घालून उंच पोलादी खांब उभारतात, त्यांवरून तारेचे दोर नेतात आणि दोरांवरून जाळी सोडतात. खांब जाळीच्या मागे, अंतर राखून असतात. जाळी मागे ताणली गेली तरी माणूस खांबाला लागू नये, हा हेतू. ऑस्ट्रियातल्या किट्सब्युएलसारख्या जागी, जिथे ट्रॅकच्या कडेलाच कडा किंवा रान आहे, तिथे अशा जाळ्या दिसतात. हे काम इंजिनियरांचे आणि कंत्राटदारांचे. आपल्या हाती ते येत नाही. 'सी' नावाचीही एक जाळी असते, पण ती गर्दी आवरण्यासाठी. तिच्यावर जीव सोपवायचा नसतो.

आपल्या वाट्याला येते ती 'बी' जाळी. उंची सुमारे दोन मीटर, एकेक तुकडा साधारण वीस मीटर लांब, आणि दर दोन मीटरांवर प्लास्टिकचा लवचिक दांडा. बर्फात बॅटरीच्या ड्रिलने भोक पाडायचे आणि त्यात दांडा नुसता उभा करायचा. ठोकायचा नाही, बांधायचा नाही. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे पोरखेळासारखे वाटते. एवढ्याशा काडीने एवढा माणूस कसा अडणार? पण गंमत इथेच आहे. स्पर्धक जाळीवर आदळला की दांडे वाकतात, मग एकामागून एक भोकातून उपटून निघतात, जाळी त्याच्याभोवती गुंडाळली जाते आणि तो ते सगळे लटांबर ओढत पुढे सरकतो. प्रत्येक दांडा उपटताना थोडा वेग खर्च होतो, बर्फ घासताना आणखी थोडा. उरलेला वेग दुसऱ्या ओळीवर जातो, त्यातूनही उरला तर तिसरीवर. सर्कशीतली झोक्याखालची जाळी चार कोपऱ्यांना बांधलेली असते. ही जाळी मात्र पकडलेल्या माणसाबरोबर चालत जाते.

हे एकदा ध्यानात आले की लावण्याचे नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात. जाळी आणि तिच्या मागचे झाड यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, कारण जाळी काही मीटर मागे जाणारच आहे. झाडाला चिकटवून लावलेली जाळी म्हणजे झाडाला घातलेला सदरा. दोन ओळींमध्येही अंतर हवे. पहिली आपले काम करून संपायच्या आत दुसरी सुरू झाली तर दोन ओळी लावूनही फायदा एकीचाच. जाळी लिफ्टच्या खांबाला किंवा झाडाला दोरीने बांधून टाकण्याचा मोह अनेकांना होतो. तशी बांधली की दांडे उपटत नाहीत आणि सगळा हिशेब फसतो.

भोकाची खोली हाही हाताचा अंदाज आहे. फार उथळ, तर वाऱ्यानेच दांडा आडवा होतो. फार खोल, आणि त्यात रात्री पाणी गोठले, तर दांडा सिमेंटात रोवल्यासारखा होतो. उन्हाच्या बाजूच्या उतारावर दुपारपर्यंत भोके सैल होतात, दांडे कलतात आणि पुन्हा नव्याने ड्रिल करावे लागते. रात्री फूटभर बर्फ पडला तर सकाळी जाळी फूटभर बुटकी झालेली असते. ती उपटून वर घ्यायची. उलट खालचा बर्फ वितळला किंवा खरवडला गेला की जाळीच्या तळाशी फट पडते. ही फट फार वाईट. पडलेला माणूस उभा येत नाही, घसरत येतो आणि आधी त्याचे पायच त्या फटीत जातात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन तुकड्यांचा सांधा. कोकणातल्या वाचकांना हे एका वाक्यात कळेल: कौले लावतात तसे. छपरावर वरचे कौल खालच्यावर चढलेले असते, म्हणून पाणी सरळ ओघळून जाते. तसेच उताराच्या वरच्या अंगाचा तुकडा ट्रॅकच्या बाजूला ठेवायचा आणि खालच्या तुकड्याची सुरुवात त्याच्या पाठीमागे लपवायची. मग जाळीला घासत येणारा स्पर्धक एका तुकड्यावरून दुसऱ्यावर अलगद जातो. उलटे केले तर दुसऱ्या तुकड्याचा पहिला दांडा त्याच्या छातीसमोर उभा राहतो. स्की-पेट्रोलच्या माणसांना आत-बाहेर करायला वाटा लागतात, त्याही याच सांध्यांत ठेवतात. आपण थोडे वर वळून दोन तुकड्यांच्या मधून बाहेर पडायचे. वरून येणाऱ्याला मात्र तिथे वाट आहे हे दिसतही नाही.

आणि जाळी कुठे लावायची? वळणाच्या बाहेरच्या बाजूला, हे कुणीही सांगेल. पण नेमके ठिकाण शोधायला जाणता माणूस वळणाच्या वर उभा राहतो आणि 'इथे बाहेरच्या पायाची पकड सुटली तर हा कुठे जाईल?' असे स्वतःला विचारतो. गोफणीतून सुटलेला दगड जातो तसा माणूस स्पर्शरेषेने सरळ जातो. म्हणून जाळीची सुरुवात पुष्कळदा आपल्याला वाटते त्याहून बरीच वरून करावी लागते. शक्यतो ती येणाऱ्याच्या मार्गाला आडवी न टाकता तिरकी टाकतात, म्हणजे तो आदळण्याऐवजी कडेने घासत जाईल. आणि जिथे रुंद मोकळा उतार आहे तिथे तो तसाच मोकळा ठेवणे हे जाळीपेक्षाही चांगले.

जाळीचा स्वतःचाही धोका असतो, आणि तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. जानेवारी १९९१ मध्ये वेंगेनलाच पात्रता-फेरीत गेर्नोट राइनश्टाडलर हा २० वर्षांचा ऑस्ट्रियन स्पर्धक शेवटच्या एस-आकाराच्या वळणावर पडला आणि जाळीत गेला. त्याच्या स्कीचे टोक जाळीत अडकले. पाय तिथे राहिला आणि शरीर वेगाने पुढे गेले. काही तासांतच तो गेला. त्या वर्षीची लाउबरहॉर्न शर्यत रद्द झाली. आज 'ए' जाळीच्या खालच्या भागावर गुळगुळीत प्लास्टिकचा पडदा लावलेला दिसतो, तो जाहिरातीसाठी नव्हे. स्कीला अडकायला भोकच मिळू नये, ती वरून घसरत जावी, म्हणून तो असतो. त्याच वेंगेनला जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेचा अलेक्सांडर आमोट किल्दे फिनिशच्या तोंडाशी पडून जाळीत गेला. जाळीने त्याला अडवले, पण त्याच्याच स्कीच्या धारेने पोटरी खोल चिरली. स्कीची कड सुरीसारखी असते आणि जाळीत माणूस आणि सुरी एकत्र गुंडाळले जातात. वर्ल्ड कपमध्ये आता न कापले जाणारे आतले कपडे सक्तीचे आहेत ते अशा जखमांसाठीच.

१९९८ सालचा नागानोचा प्रसंग मात्र बहुतेकांना आठवत असेल. हेरमान मायर डाउनहिलमध्ये हवेत उडाला, डोक्याखांद्यावर आपटला, जाळ्यांच्या दोन ओळी फोडून पलीकडच्या भुसभुशीत बर्फात जाऊन पडला आणि उठून उभा राहिला. त्याच आठवड्यात त्याने दोन सुवर्णपदके जिंकली. 'जाळ्यांनी काय केले, तो तर आरपार गेला!' असे म्हणणारे तेव्हा भेटले होते. माझे मत नेमके उलटे आहे. आरपार जाताना दोन्ही ओळींनी आपापला वाटा वसूल केला, आणि पलीकडे झाड नव्हते, बर्फ होता.

पलीकडे काय आहे, यावरच सारे ठरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये कॅनडातल्या नकिस्का येथे दाविद पुआसों हा अनुभवी फ्रेंच स्पर्धक, २०१३ च्या जागतिक स्पर्धेतला कांस्यपदक-विजेता, जाळीतून पलीकडे जाऊन झाडावर आदळला. सप्टेंबर २०२५ मध्ये चिलीतल्या ला पार्वा येथे मात्तेओ फ्रांझोसो हा २५ वर्षांचा इटालियन स्पर्धक दोन ओळी पार करून मागच्या लाकडी कुंपणावर गेला. दोघेही वाचले नाहीत. आणि दोघेही शर्यतीत नव्हते, सरावात होते.

या शेवटच्या गोष्टीकडे पालकांनी जरूर पाहावे. शर्यतीच्या दिवशी ट्रॅक आधीच प्रमाणित झालेला असतो, तांत्रिक प्रतिनिधी आणि ज्यूरी जाळीचा सांधान् सांधा पाहत खाली येतात, कुणी जाळीत गेला तर ती पुन्हा उभी होईपर्यंत पुढच्याला सोडत नाहीत. सरावाच्या दिवशी तोच उतार असतो, तीच मुले असतात आणि वेगही जवळजवळ तोच. पण जाळी किती आणि कुठे, हे त्या टेकडीकडे किती गुंडाळ्या आहेत आणि सकाळी कोचच्या हाताशी किती माणसे आहेत यावर ठरते. मुले मात्र वर्षात शर्यतीच्या कितीतरी पट फेऱ्या सरावात मारतात.

म्हणून क्लबच्या पालक-सभेत निधी कशावर खर्चायचा हा प्रश्न निघतो तेव्हा नव्या जॅकेटांच्या आधी जाळ्यांच्या आणखी गुंडाळ्या आणि एक जादा ड्रिल मागायला हरकत नाही. कोचला 'आज सरावाला किती ओळी आहेत, आणि मागे झाडापर्यंत किती जागा आहे?' असे विचारले तर तो रागावत नाही. आमच्याकडचे कोच तर हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात तिथल्या तिथे ड्रिल देतात.