ठकाचे इमान

इंग्लंडच्या चेशायर परगण्यात, झाडीने वेढलेल्या एका टेकडीवर पेकफर्टन नावाचा किल्ला आहे. त्याचे तट नि बुरूज पाहून पाहुण्याला तो मध्ययुगातला वाटावा; वस्तुतः तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, तटबंदीचे दिवस केव्हाच सरले असताना, एका धनाढ्य जमीनदाराने बांधविला. म्हणजे किल्ल्यानेच मुळी किल्ल्याचे सोंग घेतले आहे. अशा या वास्तूत १९८२ साली ‘ट्रेझर ट्रॅप’ नावाचा खेळ सुरू व्हावा, हा योग मला मोठा समर्पक वाटतो. दाम मोजून आलेली मंडळी तेथे चिलखते चढवीत, लुटुपुटीच्या तलवारी परजीत आणि अंधाऱ्या वाटांनी राक्षसांचा माग काढीत हिंडत. राक्षसाच्या मुखवट्याआडही अर्थात माणूसच असे.

या प्रकाराला ‘लाइव्ह ॲक्शन रोल-प्ले’, लघुरूपाने ‘लार्प’, म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि कल्पनाशक्ती यांवर चालणारा बैठा खेळ निघाला; मेजाभोवती बसून ‘मी तलवार उपसतो’ असे नुसते म्हणण्याने ज्यांचे समाधान होईना, ते उठून रानात गेले. वॉशिंग्टनच्या परिसरात १९७७ पासून ‘डॅगोरहिर’ या नावाने अशा लढाया होऊ लागल्या. आज जर्मनीतील ब्रोकेलो या खेड्याजवळ दर उन्हाळ्यात हजारोंच्या संख्येने लढवय्ये तंबू ठोकतात. याला नाटक म्हणता येत नाही, पण ते येथे लिहिलेली संहिता नसते म्हणून नव्हे. संहितेवाचून नाटक उभे राहते हे आपल्या कोकणातील दशावताऱ्यांना सांगायला नको. पण त्यांच्यापुढे रात्रभर जागणारा गाव बसलेला असतो, आणि लार्पमध्ये प्रेक्षक म्हणून कोणी नसतोच. जो तो पात्र आहे, आणि जो तो दुसऱ्याचा प्रेक्षक आहे.

अशा खेळात नायक व्हावे असे पुष्कळांना वाटते, आणि पुष्कळ नायक तासाभरात कंटाळतात. याचे कारण प्रतिपक्षात असते. दांडगा, गर्जना करणारा खलपुरुष तलवारीच्या चार वारांत आडवा होतो आणि त्याच्याबरोबर कथाही आडवी होते. नायकाला दीर्घकाळ नायक ठेवणारा प्रतिस्पर्धी म्हणजे ठक: जो समोरासमोर लढत नाही, पाठीमागे कुजबुजतो, खोटी पत्रे पेरतो, नायकाच्या शब्दाचाच फास करून त्याच्या गळ्यात अडकवितो आणि पकडावयास गेले की हसत निसटतो. उत्तर युरोपातील पुराणांतला लोकी देव अशाच जातीचा. आपल्याकडे, शकुनीसारखा एखादा अपवाद वगळला, तर ठकाला नायकाचा वैरी करण्याची चाल फारशी दिसत नाही. एकाला आपण कळलाव्या नारद म्हणून घरोघर हिंडविले, आणि सर्वांत निष्णात होता त्याला गोकुळात लोणी चोरावयास लावून सरळ देवच केला.

आता या खेळातले मर्म पाहावयाचे तर तलवारीपासून आरंभ करावा लागेल. लार्पची तलवार बहुधा काचतंतूंच्या कांबीभोवती मऊ फेसाचे थर चिकटवून आणि त्यांवर रबरी लेप चढवून केलेली असते. कांब टोकापर्यंत नेत नाहीत, म्हणून भोसकण्याची सहसा मनाई असते, आणि डोक्यावर वार करणे तर बहुतेक ठिकाणी निषिद्धच. तिने रक्त येत नाही. मग वार लागला हे ठरवावयाचे कोणी? ज्याला लागला त्यानेच. डॅगोरहिरच्या मैदानावर पायाला वार बसलेला गडी आपण होऊन गुडघ्यावर येतो आणि तसाच लढतो. हाताला बसला तर तो हात पाठीमागे घेतो. पंच असतात, परंतु शेकडो माणसांच्या धुमश्चक्रीत प्रत्येकाच्या गुडघ्यामागे एक पंच उभा करणे कोणत्याही बंदोबस्ताला शक्य नाही. तेव्हा सारा कारभार मार खाणाराच्या कबुलीजबाबावर चालतो. खेळातला ठक आपल्या पात्राच्या मुखाने राजाला, मित्राला, वाटसरूला वाटेल तितके खोटे सांगू शकतो. परंतु लागलेला वार त्याने एकदा नाकारला की त्याच्या लबाडीतली सगळी गोडी तत्क्षणी जाते, कारण मग तो ठक राहत नाही, नुसता रडीचा डाव खेळणारा होतो. मैदानावर सर्वांत इमानी माणूस कोण असावा लागतो, तर तोच.

नायकाचे काम याहून अवघड आहे, आणि ते मला एका दुसऱ्याच घराण्याच्या खेळात विशेष स्पष्ट दिसते. १९९३ साली ‘माइंड्स आय थिएटर’ या नावाने रक्तपिपासू पिशाचांच्या दरबारी कारस्थानांचा एक लार्प प्रसिद्ध झाला. त्यात हातघाई नाही; झटापटीचा निकाल मुलांच्या दगड-कागद-कात्रीने लावतात. जे पात्र मायेने अदृश्य झाले आहे ते दोन्ही हात छातीवर दुमडून धरते, आणि त्याला पाहणाऱ्या सर्वांनी ‘आपल्याला कोणी दिसत नाही’ असे समजून वागावयाचे, असा शिरस्ता आहे. आता असे समजा की नगराधिपतीचा शेरीफ, आपल्या भाषेत कोतवाल, एका कोपऱ्यात आपल्या विश्वासू सहकाऱ्याला हळूच सांगत आहे की गुप्त दस्तऐवज अमुक ठिकाणी ठेवला आहे. आणि त्याच वेळी त्याचा जन्माचा वैरी, तो ठक, हात छातीवर दुमडून वीतभर अंतरावर येऊन उभा राहतो. कोतवालाला त्याच्या कोटाची गुंडी दिसते, श्वास ऐकू येतो. आवाज न चाचरता, नजर न वळविता त्याने वाक्य पुरे करावयाचे असते. आपल्या नाशाचा तपशील आपल्याच तोंडाने वैऱ्याच्या कानात घालावयाचा असतो. माणूस सारे जाणतो आणि पात्र काहीच जाणत नाही. या दोघांना एका देहात नांदविणे म्हणजे नायकाची भूमिका. उत्तम नायक तो, जो उत्तम रीतीने फसतो.

स्कँडिनेव्हियातील खेळाडूंनी, ज्यांच्या परिषदा ‘क्नूतेपुंक्त’ या नावाने १९९७ साली ऑस्लोत सुरू झाल्या, ही गोष्ट पुढे नेली. त्यांच्या कित्येक खेळांत कोण कोणाचा घात करणार हे सर्वांना अगोदरच उघड सांगून ठेवतात, कारण घात ठाऊक असला म्हणजे दोघे मिळून तो अधिक करुण, अधिक देखणा करू शकतात. त्यांनी दोन शब्दही रूढ केले: ‘कुट’ म्हणजे खेळ जागच्या जागी थांबवा, आणि ‘ब्रेम्स’ म्हणजे जरा सौम्य घ्या. ठकाच्या वैऱ्याला या शब्दांची गरज इतरांहून अधिक भासते. वार अंगावर विरून जातो, पण चारचौघांत झालेली फजिती, ती लुटुपुटीची असली तरी, घरी जाताना गाडीत सोबत करते. पात्राच्या भावना अशा माणसात झिरपण्याला ते ‘ब्लीड’ म्हणतात. म्हणून जाणता ठक नायकाची अब्रू घेताना त्याला परतीची एक वाट मोकळी ठेवतो, आणि खेळ सुटल्यावर प्रथम त्याच्याकडेच जातो.

आपल्या त्या समजुतीतल्या कोतवालाची गोष्ट अर्धी राहिली. दस्तऐवज चोरीस गेला, भर दरबारात वाचला गेला, कोतवालाची मुखत्यारी गेली. मध्यरात्री खेळ संपल्याची हाळी झाली आणि दोघे एका स्वस्त खाणावळीत बटाट्याच्या काचऱ्या खात बसले. ठक म्हणाला, “खरे सांग, मी शेजारी आलो तेव्हा तुझी जीभ जरा अडखळली होती.”

“अडखळली नव्हती,” कोतवाल मीठ पुढे सरकवीत म्हणाला. “खोलीत गलका होता. तुला नीट ऐकू यावे म्हणून ठिकाणाचे नाव मी दोनदा घेतले.”